डाव्या हाताचा खेळ, उजव्या हाताची बटणं

थ्रीडी स्कल्प्टिंग करणाऱ्याचा एक हात पेनवर असतो आणि दुसरा कीबोर्डवर. त्या दुसऱ्या हाताची सगळी सवय एका चिमुकल्या टेक्स्ट फाइलमध्ये मावते. आणि ती फाइलच उडाली तर?

माझा डावा हात आणि माझी आजी यांचं कधी पटलं नाही. अंबाजोगाईच्या घरी पंगत बसली की पहिला फटका माझ्या डाव्या हातावर. योगेश्वरीच्या देवळात प्रसादाला डावा हात पुढे गेला की दुसरा. शाळेत बाईंनी पेन्सिल काढून घेतली आणि उजव्या हातात दिली. परिणाम असा की मी आज जेवतो उजव्या हाताने, लिहितो उजव्या हाताने (अक्षर गचाळ!) आणि चित्र मात्र डाव्या हाताने काढतो. चित्रकलेच्या वहीकडे कुणाचं लक्षच नव्हतं ना!

पुढे याच हाताने पोटापाण्याची सोय केली. पुण्यातल्या एका स्टुडिओत मी थ्रीडी स्कल्प्टर आहे. गेममधले राक्षस, घोडे, म्हातारे, चिलखतं, जे सांगतील ते घडवायचं. स्थळं बघण्याच्या दिवसांत हे समजावून सांगताना जाम घाम फुटायचा. "म्हणजे मूर्तिकार का?" हो, तसंच. "मग माती कुठून आणता?" माती नाही लागत. "मग?"

मग झेडब्रश.

माती नाही, पण हात तोच

झेडब्रश म्हणजे कॉम्प्युटरमधला मातीचा गोळा. ऑफर अलोन नावाच्या माणसाने तो बनवला आणि १९९९मध्ये त्याच्या पिक्सोलॉजिक कंपनीने तो बाजारात आणला. तोपर्यंत थ्रीडी म्हणजे एकेक बिंदू पकडून ओढत बसायचं काम होतं. अलोनने सांगितलं, बिंदू विसरा, ब्रश घ्या आणि दाबा. हॉलिवूडने हे सॉफ्टवेअर डोक्यावर घेतलं आणि २०१४ साली ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीने तंत्रज्ञानाचा पुरस्कार देऊन अलोनला गौरवलं. २०२१च्या शेवटी मॅक्सॉन या कंपनीने झेडब्रश विकत घ्यायचं ठरवलं आणि २०२४मध्ये ते आयपॅडवरही आलं. हा झाला इतिहास.

आता कामाचं बघू. पेन टॅब्लेटवर एका हातात पेन. पेन दाबलं की माती चढते. दुसऱ्या हाताने ऑल्ट दाबून ठेवला की तेच पेन माती चढवण्याऐवजी खणतं. शिफ्ट दाबला की गुळगुळीत करतं. कंट्रोल दाबला की मास्क टाकतं, म्हणजे जेवढा भाग झाकलाय त्याला धक्का लागत नाही. एक हात घडवतो आणि दुसरा सेकंदासेकंदाला त्याचं हत्यार बदलत असतो. 'बी' दाबला की ब्रशची अख्खी थप्पी समोर उघडते. बी, सी, बी असं ओळीने दाबलं की माती थापायचा क्ले बिल्डअप. बी, एम, व्ही म्हणजे आकार ढकलायचा मूव्ह. बी, डी, एस म्हणजे सुरकुत्या आणि चिरा पाडायचा डॅम स्टँडर्ड. नवखा माणूस हे पाठ करतो. मुरलेल्याला विचारलं तर सांगता येत नाही, कीबोर्डसमोर बसवलं तर बोटं आपोआप जातात.

आणि खरी मजा तिथेच आहे. शॉर्टकटमुळे वेळ वाचतो हे तुम्हाला एक्सेलवाल्या मित्राने दहा वेळा ऐकवलं असेल. आमच्या कामात शॉर्टकटमुळे नजर वाचते. गालाचं हाड घडवताना मेन्यू शोधायला मान वळली की परत आल्यावर तो गाल परका वाटायला लागतो. स्वयंपाक करताना आई मिठाच्या डब्याकडे बघते का? तसंच.

जग उजव्यांचं

आता गोची बघा. तुम्ही आम्ही सगळे रोज कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही करतो. कट-कॉपी-पेस्टची ही देणगी लॅरी टेस्लर या माणसाची. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात त्याने आणि त्याच्या साथीदारांनी ही कल्पना रुजवली, पुढे तो ॲपलमध्ये गेला. झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणं कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात ओळीने बसलेली आहेत. उजवा हात माऊसवर, डावा हात कोपऱ्यात. एकदम सोयीचं! फक्त माऊस उजव्या हातात असेल तर.

झेडब्रशचंही तेच. ड्रॉ, मूव्ह, स्केल, रोटेट यांच्यासाठी क्यू, डब्ल्यू, ई, आर. दोन्ही बाजू एकदम घडवणाऱ्या सिमेट्रीला एक्स. ब्रशचा आकार बदलायला एस. सबडिव्हिजनची पायरी चढायला डी. सगळा बाजार डावीकडे भरलेला. माझं पेन डाव्या हातात, त्यामुळे कीबोर्डवर राहतो उजवा. तो उजवा हात पार डाव्या टोकाला न्यायचा म्हणजे दोन्ही हातांची कात्री. पहिले सहा महिने मी तसंच काम केलं. संध्याकाळी मान आणि खांदा अशी तक्रार करायचे की पीएमपीच्या बसमध्ये वरची दांडी धरणं नको व्हायचं.

मग एका सीनियरने फंडा सांगितला. कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबून झेडब्रशमधल्या कुठल्याही बटणावर क्लिक करायचं. प्रोग्रॅम वाट बघत थांबतो. मग आपल्याला हवी ती की दाबायची. झालं! ते बटण त्या कीवर गेलं. चुकून क्लिक झालं तर एस्केप. लावलेली की काढायची असेल तर पुन्हा तसंच क्लिक करून डिलीट. ब्रशलाही स्वतंत्र की देता येते. बी दाबून थप्पी उघडायची आणि हव्या त्या ब्रशच्या चित्रावर कंट्रोल-ऑल्टने क्लिक करायचं. बी-सी-बीची तीन बोटं एकावर आली.

मी उत्साहात क्यू-डब्ल्यू-ई-आर उचलून थेट उजवीकडे यू-आय-ओ-पी वर नेलं. तिथे आधीच रुमाल टाकलेला! यू म्हणजे ब्रशचा जोर, आय म्हणजे रंगाचा जोर, ओ म्हणजे ब्रशच्या कडेचा मऊपणा, पी म्हणजे पर्स्पेक्टिव्ह. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसंच. एकाला उठवलं की त्याला दुसरीकडे बसवायचं, मग तिथला उभा राहतो. ही बसाबसी मी दोन वर्षं करत होतो. एखादी की लावायची, आठवडाभर वापरून बघायची, बोट अडखळलं की बदलायची. शेवटी तीस-पस्तीस बटणं अशी बसली की जणू तो प्रोग्रॅम अंबाजोगाईतच बनला होता.

स्टोअर म्हणजे सेव्ह नव्हे

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण माझं घोडं इथेच पेंड खाल्लं. की लावली म्हणजे ती राहिली असं नाही. झेडब्रश बंद केलं की ती गेली. ती टिकवायला प्रेफरन्सेसमधल्या हॉटकीज या खणात जायचं. तिथे स्टोअर नावाचं बटण आहे. ते दाबलं की पुढच्या वेळी प्रोग्रॅम उघडताना तुमच्या किया तयार असतात. शेजारी सेव्ह नावाचं वेगळं बटण आहे. ते तुमच्या कियांची फाइल बनवतं, तुम्ही म्हणाल तिथे, पेन ड्राइव्हवरसुद्धा. लोड त्या फाइलमधून परत आणतं. रिस्टोर सगळं पुसून कंपनीचं मूळ रूप आणतं.

स्टोअर केलेल्या किया त्याच कॉम्प्युटरच्या पोटात राहतात. सेव्ह केलेल्या तुमच्या खिशात येतात. मी दोन वर्षं इमानेइतबारे स्टोअर करत होतो. सेव्ह कशाला करू? मशीन माझंच, खुर्ची माझीच, टेबलावरचा गणपतीसुद्धा माझाच!

आणखी एक गंमत, जी बऱ्याच जुन्या खेळाडूंनाही माहीत नसते. झेडब्रशमध्ये खिडक्या आणि बटणांची मांडणी पण आपल्याला हवी तशी करता येते आणि ती टिकवायचं बटण वेगळं आहे, कॉन्फिग या खणातलं स्टोअर कॉन्फिग. ते दाबून लोक निवांत होतात. मांडणी राहते, किया जातात. घर नीट लावलं आणि किल्ली आतच राहिली, असा प्रकार.

मार्च २०२०

जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी आमच्या ऑफिसने सगळ्यांना घरी पाठवलं. पुण्यात रूमवर कोंडून बसण्यापेक्षा गाव बरं, म्हणून मिळेल त्या गाडीने अंबाजोगाई गाठलं. हातात कंपनीचा कोरा लॅपटॉप, माझं पेन टॅब्लेट आणि एक काम. एका मोबाइल गेमसाठी युद्धातला हत्ती. तीन आठवडे.

झेडब्रश उघडलं. उजवा हात ठेवला. यू दाबला. मूव्ह यायला हवं होतं ते आलं नाही, ब्रशच्या जोराची पट्टी उघडली. आय दाबला, रंगाची. बोटं एकीकडे जात होती आणि पडद्यावर भलतंच होत होतं. शांतपणे ऑफिसला फोन केला. म्हटलं, माझ्या मशीनमध्ये पब्लिक डॉक्युमेंट्समध्ये झेडब्रश डेटा नावाचं फोल्डर असेल, त्यातली स्टार्टअप हॉटकीजची फाइल तेवढी मेल करा. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग उत्तर आलं, "अरे, ती मशीन आम्ही फॉरमॅट करून दुसऱ्याला पाठवली." कंपनीचं नाव सांगत नाही. तेव्हा पगार तिथूनच यायचा, आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती.

तुम्हाला वाटेल, बटणंच तर आहेत, परत लावायची! मलाही तसंच वाटलं. पण मला ती आठवेनात. खरंच आठवेनात. बोटांना माहीत होतं, डोक्याला नाही. कागद घेऊन यादी करायला बसलो तर नऊवर गाडी अडली. हवेत हात धरून खोटं खोटं काम केलं, बोट कुठे जातंय ते बघितलं आणि लिहून काढलं. आई दारातून बघत होती. तिला वाटलं, पोराला पुण्याची हवा बाधली.

अण्णांना मात्र लगेच कळलं. माझे वडील सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, मराठी टाइपरायटरवर आयुष्य गेलेलं. ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "मशीन बदललं ना? मग असंच होतं."

त्यांचं झालं होतं. कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी सांगितलं की आता इनस्क्रिप्ट शिका. इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण मांडणी, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. शास्त्रशुद्ध आहे, नव्याने शिकणाऱ्याला सोपी आहे. पण अण्णांची बोटं टाइपरायटरच्या मांडणीत घडलेली. ती जिथे जायची तिथे भलतंच अक्षर उमटायचं. मिनिटाला चाळीस शब्दांचा माणूस एका बोटाने अक्षरं टिपायला लागला. "लाज वाटायची रे," ते म्हणाले. "नवी पोरं बघायची." मग कुणीतरी दाखवलं की पुण्याच्या सी-डॅकच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटरची जुनी मांडणीही निवडता येते. त्यांनी ती निवडली आणि निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. "पण ती निवड दर वेळी तपासायचो मी. सकाळी आल्या आल्या. कुणी बदलली तर नाही ना." मला आजवर हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं एका घरात राहून.

अण्णांनी विचारलं, "मग तू लिहून कामून नाही ठेवलं?"

उत्तर नव्हतं.

उजव्या कंट्रोलच्या शोधात

खरी लढाई पुढे होती. कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट ही तीन बटणं झेडब्रशमध्ये हलवता येत नाहीत. ती आहेत तिथेच वापरायची. डावखुऱ्याने कीबोर्डच्या उजव्या बाजूची वापरायची. माझ्या नव्या लॅपटॉपवर उजवीकडे कंट्रोलच नव्हता! जागा वाचवायला काढून टाकलेला. दुकानं बंद, कुरियर बंद. अण्णांनी माळ्यावरून त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड काढला. लांबलचक, पिवळा पडलेला, प्रत्येक बटणावर मराठी अक्षरांचे स्टिकर. यूएसबीचा होता म्हणून लागला. उजवा कंट्रोल होता! असा आनंद मला पहिल्या पगारालासुद्धा झाला नव्हता.

पण उजवा ऑल्ट दाबला की माती खणली जाईना, उलट मास्क पुसला जायचा. आणि ऑल्ट धरून एखाद्या बटणावर क्लिक केलं तर नवी की लावायची विचारणा समोर. दोन दिवस डोकं फिरलं. कारण सापडलं ते असं. विंडोजमध्ये इंग्लिश इंडिया अशी मांडणी असते. रुपयाचं चिन्ह २०१०मध्ये आलं, ते टाइप करता यावं म्हणून तिच्यात उजवा ऑल्ट वेगळा वागतो. उजवा ऑल्ट आणि चार दाबलं की रुपया उमटतो. पण प्रोग्रॅमच्या दृष्टीने तो उजवा ऑल्ट म्हणजे कंट्रोल आणि ऑल्ट दोन्ही एकदम. इंग्लिश युनायटेड स्टेट्स ही मांडणी निवडली आणि ऑल्ट सुतासारखा सरळ आला. रुपया गेला, हत्ती वाचला.

तिसरा घोटाळा मी स्वतः ओढवला. अण्णांना बँकेचा अर्ज टाइप करायचा होता म्हणून लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड घातला. विंडोजमध्ये डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की भाषा बदलते. आणि आमच्या धंद्यात हात सतत ऑल्ट-शिफ्टच्या आसपासच असतो. काम करता करता भाषा गुपचूप मराठी व्हायची आणि एकही अक्षरी शॉर्टकट चालायचा नाही. पहिल्यांदा वाटलं, पुन्हा सगळं उडालं. पोटात गोळा! मग खाली कोपऱ्यात बघितलं तर 'मराठी'. कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये भाषा बदलण्याचा तो शॉर्टकट बंद करता येतो. करून टाका. तुम्ही फोटोशॉपवाले असाल, ऑटोकॅडवाले असाल, कुणीही असाल, घरात मराठी टाइप होत असेल तर हे आजच करा.

हत्ती चार दिवस उशिरा गेला. क्लायंटला पसंत पडला. आणि ज्या रात्री गेला त्याच रात्री मी सेव्ह दाबलं.

हत्तीखान्यातला डावा हात

टाळेबंदी सैल झाल्यावर एका सकाळी हत्तीखान्यात गेलो. अंबाजोगाईबाहेरच्यांसाठी सांगतो, ही गावातली खडकात कोरलेली लेणी. मध्ये नंदीचा मंडप आणि अंगणात दगडी हत्ती उभे. झिजलेले, तुटके, तरी भारदस्त. लहानपणी आम्ही त्यांच्यावर चढायचो, आता तसं करू नका. बीडचं नाव काढलं की पुण्यात लोकांना दुष्काळ आणि ऊसतोड आठवते. त्यांना हा हत्तीखाना आणि धर्मापुरीचं केदारेश्वराचं देऊळ एकदा दाखवायला हवं.

माझ्या हत्तीच्या अंगावर मी हजार सुरकुत्या पाडल्या होत्या. इथे सुरकुत्या जवळजवळ नाहीत. फक्त मोठे आकार, खांद्याचा भार, पोटाचा गोलवा, पायांचे खांब. थोडा खजील झालो. मग कारागिराच्या हातांचा विचार आला. उजव्या हाताचा पाथरवट हातोडा उजव्या हातात धरतो आणि छिन्नी डाव्यात. ठोकायचं काम उजव्याचं, पण दगडावर टोक कुठे टेकवायचं, किती तिरकं धरायचं, हे डावा ठरवतो. आजी असती तर तिला इथे आणून दाखवलं असतं.

तुमच्यासाठी चार गोष्टी

आता माझं प्रामाणिक मत. पहिल्या दिवशी किया बदलायला जाऊ नका. उजवे असाल तर आधी मूळ किया पाच-सहा महिने वापरा. सगळे ट्युटोरियल त्याच बोलतात, क्लासमधल्या सगळ्या मशीनवर त्याच असतात. क्लासचे कॉम्प्युटर बऱ्याचदा रोज सकाळी मूळपदावर आणलेले असतात, तिथे तुमचं स्टोअर केलेलं काही टिकत नाही. ज्या दोन-चार बटणांना रोज शिव्या घालता तेवढीच बदला. स्टुडिओत दुसऱ्याच्या मशीनवर बसायची वेळ येतेच, आणि तिथे तुमचा हात अगदीच परका पडता कामा नये. डावखुऱ्यांना हा सल्ला लागू नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून बदला, मानेवर उपकार होतील.

झेडब्रशची फाइल साधी टेक्स्ट असते, नोटपॅडमध्ये उघडते. प्रोग्रॅमचं नवं व्हर्जन टाकलं की जुन्या किया आपोआप मागे येतील असं धरून चालू नका, आपली फाइल लोड करा आणि मग स्टोअर. स्वतः बनवलेल्या ब्रशला की दिली असेल तर तो ब्रश सुरुवातीलाच उघडणाऱ्या ब्रशच्या फोल्डरमध्ये ठेवा. ब्रशच हजर नसेल तर की कुणाला हाक मारणार?

झेडब्रशचं भाडं परवडत नाही? ब्लेंडर फुकट आहे आणि त्यात स्कल्प्टिंग झकास होतं. तिथे कुठल्याही बटणावर राइट क्लिक करून शॉर्टकट लावता येतो आणि प्रेफरन्सेसमधल्या कीमॅप या पानावर एक्स्पोर्ट आहे. फोटोशॉपमध्ये एडिट मेन्यूच्या तळाशी कीबोर्ड शॉर्टकट्स आहेत, तिथेही आपला संच नाव देऊन सेव्ह करता येतो. नोकरी बदलताना लोक फोटो घेतात, सर्टिफिकेटं घेतात, कॉफीचा मग घेतात. ही फाइल कुणी घेत नाही.

माझी फाइल आता पेन ड्राइव्हवर आहे, स्वतःलाच पाठवलेल्या मेलमध्ये आहे आणि अण्णांच्या हट्टापायी कागदावरसुद्धा आहे. त्यांनी ती यादी स्वतः टाइप केली, टाइपरायटरच्याच मांडणीत, आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. 'शिफ्ट' आणि 'सिमेट्री' त्यांनी कसं लिहिलंय ते विचारू नका.

परवा बीडहून मामेबहिणीचा फोन आला. ती झेडब्रश शिकतेय, हुशार आहे, माझ्यापेक्षा हात चांगला आहे. म्हणाली, "दादा, तुझे शॉर्टकट पाठव ना, तू किती फास्ट करतोस!" मोठ्या ऐटीत फाइल पाठवली. अर्ध्या तासात पुन्हा फोन.

"दादा, हे सगळं उलटं आहे!"

म्हटलं, रिस्टोर दाब.